‘माणसाला काहीच कळू शकत नाही’ हे नक्की कोणी सिद्ध केलं?

गेले काही आठवडे एक लांबलचक मेसेज मुंबईतल्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला, शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला आणि परवा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने तो कौतुकाने वाचून दाखवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘माणसाला काहीच कळू शकत नाही, हे आता विज्ञानानेच कबूल केलं आहे. गणितातसुद्धा काही सिद्ध करता येत नाही, हे गोडेलने सिद्ध केलं. बघणारा बदलला की सत्य बदलतं, हे हायझेनबर्गने दाखवलं. विश्वाचा ९५ टक्के भाग अज्ञात आहे. विज्ञान दर पन्नास वर्षांनी स्वतःलाच खोटं पाडतं. आपले ऋषी तर हजारो वर्षांपूर्वीच नेति नेति सांगून गेले. म्हणून डॉक्टर, वेधशाळा, तज्ज्ञ यांचं मत हेही फक्त एक मत. ज्याचं त्याचं सत्य वेगळं. मनाला पटेल तेच करा.’

मी गणित शिकवते. ज्ञानाच्या मर्यादा हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे आणि म्हणूनच हा मेसेज मला इतका खुपला. मर्यादा आहेतच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण यातली एकेक मर्यादा कोणीतरी वर्षानुवर्षं डोकं झिजवून शोधली आहे. ती कुठे लागू होते आणि कुठे होत नाही, हे नेमकेपणाने मांडून ठेवलं आहे. मेसेजने तो नेमकेपणा तेवढा काढून टाकला आणि उरलेलं सगळं एका पोत्यात भरलं.

‘काहीच कळत नाही, हे तरी तुम्हाला कसं कळलं?’ असा प्रश्न विचारून मोकळं होता येईल. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही, कारण हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तरही जुनंच आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनावर नेमका हाच आरोप झाला होता: सगळं शून्य असेल तर तुझं हे वाक्यही शून्यच. विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात त्याने सरळ सांगितलं, ‘नास्ति च मम प्रतिज्ञा’, मी कुठलाही सिद्धान्त मांडतच नाही, मग दोष कसला? ही भूमिका मला कठीण वाटते, पण प्रामाणिक वाटते. मेसेजची तशी नाही. त्याला प्रतिज्ञा तर मांडायची आहेच, वर ‘म्हणून असं वागा’ हा सल्लाही द्यायचा आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

पहिला गोडेल, कारण माझा जीव तिथे जास्त अडकला आहे. गणितज्ञ कुर्ट गोडेलचा निबंध १९३१चा. त्यात तो सांगतो: गणिताची अशी एखादी चौकट घ्या, जिची गृहीतकं यंत्रासारखी तपासता येतात, जिच्यात अंतर्विरोध नाही आणि जिच्यात पूर्णांकांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही मांडता येतात. अशा चौकटीच्या भाषेत निदान एक विधान असं निघतं, जे त्या चौकटीत राहून सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. यातली प्रत्येक अट महत्त्वाची आहे. गुणाकार काढून नुसती बेरीज ठेवा. त्या अंकगणितातल्या प्रत्येक विधानाचा निकाल लावता येतो, हे प्रेसबर्गरने १९२९मध्येच दाखवलं होतं. शाळेतल्या भूमितीबद्दल टार्स्कीनेही तसंच दाखवलं. ‘काहीच सिद्ध करता येत नाही’ असं गोडेलने कुठेही म्हटलेलं नाही. त्याचा निबंध स्वतःच एक सिद्धता आहे आणि आजवर त्यात कोणाला खोट सापडलेली नाही.

मग ही मर्यादा प्रत्यक्षात दिसते कशी? वर्गात मी मुलांना हे उदाहरण देते. कागद-पेन घेऊन तुम्हीही करून बघा. ४ घ्या. ४ म्हणजे २चा दुसरा घात. त्यातल्या प्रत्येक २च्या जागी ३ लिहा. ३चा तिसरा घात म्हणजे २७. त्यातून १ वजा केला की २६. आता २६ हे ३च्या घातांत मांडा: दोन वेळा ९, दोन वेळा ३ आणि वर २. ३च्या जागी ४ घाला, म्हणजे दोन वेळा १६, दोन वेळा ४ आणि वर २, एकूण ४२. एक वजा, ४१. मग ४च्या जागी ५ घालून एक वजा केला की ६०. पुढे ८३. आकडा वाढतच जातो, आणि हा कधी खाली येईल असं वाटतही नाही. पण १९४४मध्ये गुडस्टीनने सिद्ध केलं की सुरुवात कुठल्याही पूर्णांकाने करा, ही मालिका शेवटी शून्यावर येतेच. फक्त ४पासून निघालात तर लागणाऱ्या पायऱ्या इतक्या, की ती संख्या लिहायला १२ कोटींहून जास्त अंक लागतात.

पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. १९८२मध्ये किर्बी आणि पॅरिस यांनी दाखवलं की गुडस्टीनचं हे सत्य नेहमीच्या अंकगणिताच्या गृहीतकांतून सिद्ध करताच येत नाही. गुडस्टीनला जमलं, कारण त्याने अनंताच्या पलीकडच्या क्रमवाचक संख्यांची मदत घेतली होती. म्हणजे एका चौकटीत जे हाताला लागत नाही ते मोठ्या चौकटीत लागतं, आणि पहिल्या चौकटीत नेमकं काय कमी पडलं हेही सांगता येतं. मोठ्या चौकटीला तिची स्वतःची न सुटणारी विधानं असतात, हे खरं आहे. गोडेलची मर्यादा ती हीच आणि एवढीच. तिच्यावरून वेधशाळेच्या अंदाजाबद्दल किंवा मलेरियाच्या औषधाबद्दल काहीही निष्पन्न होत नाही.

दुसरा मुद्दा भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गचा. १९२७चं त्याचं तत्त्व सांगतं की कणाचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) हे दोन्ही एकाच वेळी हवे तितके काटेकोर असू शकत नाहीत. दोघांतल्या अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरलेल्या आकड्याखाली जात नाही, आणि तो आकडा निसर्गाने फार लहान ठेवला आहे. शिवाजी पार्कवर पडलेला १६० ग्रॅमचा चेंडू घ्या. त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नक्की केली, असं धरा. मग या तत्त्वामुळे त्याच्या वेगात जी किमान अनिश्चितता उरते, त्या वेगाने तो चेंडू विश्वाच्या आजवरच्या १३८० कोटी वर्षांत साधारण एका अणूच्या रुंदीइतका सरकेल. गणित अवघड नाही, बारावीचं फिजिक्स झालेला कोणीही करू शकेल. इलेक्ट्रॉनच्या पातळीवर मात्र हीच अनिश्चितता सगळं ठरवते, आणि तिथेही पुंजभौतिकाचं (क्वांटम फिजिक्सचं) भाकीत व प्रयोग दहा-दहा अंकांपर्यंत जुळतात. बघणाऱ्याच्या मनाचा यात काही भाग नाही. उपकरण कणाला भिडतं, ते उपकरण वाचणारा माणूस दादरचा असो की टोकियोचा, निकालांची वाटणी तीच येते.

मोजमापात ढवळाढवळ होते, ही अडचण तशी मुंबईला नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम आणायचं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकसुया बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. शहराचाच अडथळा येतो आहे तर आता खरं चुंबकत्व कोणाला कळणार, असं म्हणून कोणी हात झटकले नाहीत. खाडीपलीकडे अलिबागला चुंबकीय गुणधर्म नसलेला दगड वापरून नवी वेधशाळा उभी केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना जोडता याव्यात. अडथळा ओळखणं, तो मोजणं आणि त्याचा हिशेब ठेवून पुढे जाणं, मोजमापात ढवळाढवळ झाली की प्रयोगशाळेत हे असं काम चालतं.

९५ टक्क्यांचा मुद्दा लवकर आटपेल. आपल्या ओळखीचं द्रव्य विश्वात सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ आणि कृष्णऊर्जा सुमारे ६८ टक्के. ती नेमकी कशाची बनली आहेत, हे आज कोणालाच माहीत नाही. पण ती किती आहेत, आकाशगंगा कशा फिरवतात, विश्वाच्या प्रसरणाचा वेग कसा बदलतात, हे मोजता आलं म्हणूनच हा ९५चा आकडा आला. काहीच कळत नसतं तर टक्केवारी कुठून काढली असती? ‘हे कधीच कळणार नाही’ असं आधी जाहीर करणाऱ्यांचा इतिहासही फारसा बरा नाही. ऑग्युस्त कोम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५मध्ये लिहिलं की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीही कळू शकणार नाही. पंचवीस वर्षांच्या आत किर्खहॉफ आणि बुन्सेन हे जर्मन शास्त्रज्ञ प्रकाशाच्या वर्णपटातून मूलद्रव्यं ओळखू लागले. १८६८च्या खग्रास ग्रहणात, आंध्रातल्या गुंटूरला आलेल्या जान्सेनसह अनेकांनी सूर्याचा वर्णपट तपासला. त्यात दिसलेल्या पिवळ्या रेषेतून हेलियमची ओळख पटली, तो वायू पृथ्वीवर हाती लागण्याच्या कितीतरी आधी. न्यूट्रिनोचंही तसंच. १९३०मध्ये हा कण कल्पनेत मांडणाऱ्या पाउलीलाच वाटत होतं की तो कधी सापडणार नाही. १९५६मध्ये तो सापडला. १९६५मध्ये आपल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल जाऊन, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले.

‘विज्ञान दर पन्नास वर्षांनी स्वतःलाच खोटं पाडतं’ या वाक्याला टाळ्या पडतात, म्हणून इथे जरा थांबते. न्यूटनच्या जागी आइन्स्टाइन आला तरी न्यूटन रद्दीत गेला नाही. चांद्रयानाच्या मार्गाचा पाया आजही न्यूटनचंच गणित आहे. आइन्स्टाइनने ते कुठे अपुरं पडतं आणि किती, ते सांगितलं. पण याहून जवळचं उदाहरण मुंबईच्या प्लेगचं आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जिवाणू दोनच वर्षं आधी हाँगकाँगमध्ये येरसिनने शोधला होता. रोग पसरतो कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने तेवढ्याच अर्धवट ज्ञानावर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८मध्ये सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं की उंदरावरची पिसू हा रोग नेते. बरीच वर्षं त्याचं कोणी ऐकलं नाही. मग मुंबईत प्लेग आयोगाने प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले, काही जमिनीलगत, काही पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेले. जमिनीजवळचे प्राणी दगावले, टांगलेले वाचले.

या काळात सरकारने लोकांची घरं फोडली, सामान जाळलं, माणसांना ओढून छावण्यांत नेलं. त्यातलं बरंचसं चुकीच्या समजुतीवर चाललं होतं. जेवढं माहीत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त खात्री अधिकाऱ्यांनी दाखवली आणि त्याची किंमत गरिबांनी मोजली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तज्ज्ञांनी आपल्या मर्यादा सोडून बोलणं हे ‘कोणालाच काही कळत नाही’ म्हणण्याइतकंच घातक आहे. पण त्या दहा वर्षांत नक्की झालं काय? जिवाणू खोटा ठरला नाही, लसही खोटी ठरली नाही. रोग पसरण्याबद्दलचे जुने तर्क पडले, आणि ते पाडले पिंजऱ्यांच्या प्रयोगाने. मेसेज ज्याला स्वतःला खोटं पाडणं म्हणतो, ते जवळून बघितलं तर असं दिसतं.

आता ऋषींकडे. ‘नेति नेति’ बृहदारण्यकात येतं ते ब्रह्माच्या, आत्म्याच्या वर्णनाबद्दल. ताप कशाने आला, पाऊस कधी पडेल, याबद्दल ते वचन काहीच म्हणत नाही. त्याच उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारते. हे कशात ओतप्रोत आहे, ते कशात? शेवटी तो तिला बजावतो की आता याच्यापुढे विचारू नकोस, नाहीतर तुझं मस्तक गळून पडेल. त्या वेळी ती थांबते. पण थोड्या वेळाने भर सभेत ती पुन्हा उभी राहते, ‘आणखी दोन प्रश्न विचारते’ म्हणते, आणि तिला उत्तर मिळतं. गार्गीचा हा भाग मेसेजवाल्यांनी एकदा वाचावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. नासदीय सूक्तात सृष्टी कुठून झाली या प्रश्नावर ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’ येतं. वरून पाहणाऱ्या त्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. किती मोठं धैर्य आहे त्या ओळीत! पण ती सृष्टीच्या उगमाबद्दलची शंका आहे, सगळ्यालाच नकार नाही. न्यायदर्शनाने तर प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं, आखून दिली आणि फसवे हेतू कसे ओळखायचे त्याची स्वतंत्र चर्चा केली. जैनांचा स्याद्वादही ‘सगळंच खरं’ म्हणत नाही, कुठल्या अंगाने खरं ते सांगा म्हणतो. आणि जयराशी भट्ट या संशयवादी तत्त्वज्ञाने जेव्हा खरोखरच सगळी प्रमाणं एकेक करून मोडीत काढली, तेव्हा ‘माझ्या मनाला पटलेलं’ नावाचं एखादं प्रमाण त्याने आपल्यासाठी राखून ठेवलं नाही.

माझ्या मते खरी, खोल मर्यादा मेसेजमध्ये आलेलीच नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात ती मांडली: आजवर असं घडलं म्हणून उद्याही तसंच घडेल, याला तर्काचा पक्का आधार कुठला? ‘आजवर तसंच घडत आलंय’ हे उत्तर चालत नाही, कारण तेच तर सिद्ध करायचं आहे. या प्रश्नाचं सगळ्यांना मान्य होईल असं उत्तर आजही नाही. मला ते अस्वस्थ करतं, आणि करावंही. पण हाच ह्यूम पुढे म्हणतो की शहाणा माणूस पुराव्याच्या प्रमाणात विश्वास ठेवतो. त्याच्या संशयाने पुराव्याचं वजन करायला शिकवलं, वजनकाटा फेकून द्यायला नाही.

मग ‘वेधशाळेचं मतही एक मत’. मुंबईत राहून हे कसं म्हणवतं, मला कळत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. इतका पाऊस तिथेच पडेल, हे आदल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. त्याच दुपारी समुद्राला भरती होती, आणि ती किती वाजता येणार हे भरतीच्या तक्त्यात कितीतरी आधी छापलेलं होतं. आजही पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. शहर एक, दिवस एक, पाणीही एकच; एका गोष्टीचं भाकीत वर्षभर आधी मिनिटापर्यंत नेमकं करता येतं आणि दुसरीचं काही तास आधीही नीट येत नाही. भरती चंद्र-सूर्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांवर चालते. हवेत मात्र लहानशी चूक बघता बघता वाढते. १९६१मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने संगणकात .५०६१२७ऐवजी .५०६ एवढंच भरलं आणि पुढचं सगळं हवामान वेगळंच निघालं. त्याचा निबंध १९६३चा. दोन आठवड्यांच्या पलीकडे रोजच्या हवामानाचा नेमका अंदाज जवळपास अशक्य, ही समज त्यातूनच वाढत गेली. आणि ही मर्यादा कळल्यामुळेच आज तेच गणित सुरुवातीचे आकडे थोडेथोडे बदलून अनेकदा चालवतात आणि कितींदा मुसळधार पाऊस येतो ते बघतात. ऑरेंज किंवा रेड अलर्टमागे असा शक्यतेचा हिशेब असतो. अलर्ट दिला आणि पाऊस हुकला, तरी तो हिशेब कोणाच्याही ‘मला वाटतं’ इतकाच ठरत नाही.

आता ज्यामुळे मी लिहायला बसले ते सांगते. हा मेसेज आल्यावर आमच्या मजल्यावरच्या काकांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. मी विचारलं तर म्हणाले, “अगं, मला अटॅक येणार की नाही हे त्या डॉक्टरला तरी कुठे माहितीय?” काकांचं हे वाक्य अगदी बरोबर आहे. एका माणसाचं पुढे काय होणार, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण लाखो लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की वरचं प्रेशर १०ने उतरलं की पक्षाघाताचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी होतं. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं: अशी शंभर माणसं, पैकी गोळी न घेता समजा आठ जणांना पक्षाघाताचा झटका येईल, घेतली तर सहा जणांना. ते दोन कोण, ते कोणालाच आधी सांगता येणार नाही. काकांनी कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, “मग मी त्या दोघांतला नसलो तर?” म्हटलं, नसाल तर गोळीचा तुम्हाला उपयोग झाला नाही असंच होईल, आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर नेतो म्हणाले.